खुर्चीवरून उठायची शिकवणी

प्रिय धाकटे,

हल्ली फोनवर तू "बरी आहे" एवढं म्हणून विषय मिटवतेस, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी, की या वयात मी शिकवणी लावली आहे. कसली, तर खुर्चीवरून उठायची. हसू नकोस. हात छातीवर बांधायचे, पावलं घट्ट रोवायची, जरा पुढे झुकायचं आणि उठायचं. पहिल्या दिवशी मी झुकले आणि तशीच बसून राहिले. जन्मभर शिलाई मशीनवर बसून मांड्यांनी कधीच संप पुकारला होता, फक्त मला कळवलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याखाली दोन उशा सरकवल्या, तेव्हा कुठे उठले. बाई अंगानं बारीक, पण आवाज असा की आम्ही त्यांना फौजदारीण म्हणतो. कुणी धपकन बसलं की म्हणतात, "सावकाश. खुर्ची पळून जात नाही." माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात. सगळ्यांचे आकडे त्या कडक मोजतात, आणि स्वतःची पाळी आली की पाचावरून थेट आठवर जातात.

आता माझ्या उशा गेल्या. भिंतीला तळवे टेकून जोर काढते. इस्त्री तापेपर्यंत कापायचं टेबल धरून टाचा उचलते, टेकवते. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारी काचेबाहेर कुणाची तरी वाट बघतेय. भरलेली पिशवी घेऊन जिना चढते. पूर्वी मध्येच थांबून शेजारणीच्या कुंड्यांचं कौतुक करावं लागायचं, ते नाटक बंद झालं.

हे सुरू कसं झालं, ते मात्र तुला सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मी दुकानात पडले. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये. लागलं फारसं नाही, पण उठता येईना. तेवढ्यात एक गृहस्थ पँट आखूड करून घ्यायला आले. मी म्हटलं, टाचणी शोधतेय. भला माणूस, तोही गुडघ्यांवर बसून शोधायला लागला. बराच वेळ आम्ही दोघं नसलेली टाचणी शोधत होतो. मग तो उठला, आणि मी नाही. त्यानं नुसता हात पुढे केला. फौजदारीण ही त्याचीच बायको.

पण त्यानंतर कितीतरी दिवस मला जमिनीचीच धास्ती बसली होती. खाली पडलेली कात्री पायानं सरकवत न्यायचे. लांब झग्याची किनार मोजायला गिऱ्हाइकाला टेबलावर चढवायचे. शेवटी बाईंनी मला सतरंजीवर आडवं केलं आणि शिकवलं. कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, खुर्ची धरायची आणि उठायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चक्क रडले, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. पडेन मी अजूनही कधीतरी. पण उठायचं कसं, ते आता अंगाला ठाऊक आहे. परवाच एका नवरीच्या झग्याची किनार खाली गुडघे टेकून टाचली.

तुझ्या सुनेचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, बिचारी घाबरली आहे. तुझं मोडलेलं हाड सांधलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी तू पलंग सोडत नाहीस, आणि वर तिला म्हणालीस म्हणे, "आता माझं असंच." शाळेच्या मागच्या भिंतीवरून तू उड्या मारायचीस आणि खाली मी दोघींची दप्तरं सांभाळायचे, त्यामुळे हे वाक्य तुझं आहे यावर माझा विश्वास बसेना. मग टाचणीची गोष्ट आठवली, आणि बसला. म्हणून रविवारी दुपारी येतेय, दुकानाला कुलूप लावून, चांगली राहायला. सुनेला बजावलंय, की तिनं तुझ्या शेजारून चालायचं, लागलं तर हात द्यायचा, पण कडी काढायची नाही. दार तू उघडायचंस. लागेल तेवढा वेळ घे. मी बाहेर थांबेन. मला आता पुष्कळ वेळ उभं राहता येतं.

तुझीच, बेल वाजवून उभी असलेली,
ताई