लांब सुळ्यांची कवटी

१० मार्च
हो म्हणून बसले. आता निस्तरा!

चू काकांचा फोन होता. गावाकडचे आमचे शेजारी. आयुष्यभर टेकड्यांमधून दगड झालेली हाडं गोळा केली, तो सगळा संग्रह आता तालुक्याच्या संग्रहालयाच्या नव्या दालनात जाणार. मधोमध ती लांब सुळ्यांची कवटी. "शुए, लान्चौला जाऊन हाडांचं एवढं शिकलीस, ते जनावर कोणतं ते तूच सांग. नवीन निघालं तर नाव तुझ्या काकूचं."

फान काकू जाऊन तीन वर्षं झाली. ती कवटी त्यांनीच साफ केली होती, दोन हिवाळे दाभणानं लाल माती टोकरून. मी म्हटलं, बघते की. काकांनी त्याचा होकार करून टाकला.

१३ मार्च
काकांच्या घरात हाडांना जागा आहे, माणसांना नाही. ओट्यावरचा गेंड्याचा जबडा उचलला तेव्हा कुठे मला टेकता आलं. चहा आला, बोरं आणि खडीसाखर घातलेला. हातात वाटी नि समोर ती कवटी.

तोंड मांजराचं. शंकाच नाही — चपटे सुळे, कडेला करवतीचे दाते. पण मागचा भाग बसका, रुंद. असं मांजर मी पाहिलेलं नाही. एक तर हे नवीन जनावर आहे. नाही तर —

ते नाही तर लिहवत नाही.

काका शेजारणीला म्हणाले, "बघ, डॉक्टरीणबाई गप्प झाली. शाळेत हिला गप्प करणं एकाही मास्तराला जमलं नव्हतं."

१४ मार्च
आमच्या भागात ज्याच्या घरी कुदळ त्याच्या घरी डिंक. पूर्वी ही हाडं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधात कुटली जायची. मग अख्ख्या कवटीला गिऱ्हाईक आहे हे कळलं आणि जो तो तुकडे जोडून खोट्या कवट्या करायला बसला. पण काकांनी एक हाड कधी विकलं नाही. त्यांच्यावर संशय घ्यायची माझीच मला लाज वाटते.

तरी कवटीच्या आतला फोटो काढल्याशिवाय सही करणार नाही.

१९ मार्च
दवाखान्यात स्कॅन. काकांनी कवटी दुलईत गुंडाळून मांडीवर आणली. मशीनवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, पेशंटचं वय? काका म्हणाले, "सत्तर लाख. उपाशीपोटीच आणलाय."

सगळे हसले. मीही. मग पडद्यावर डोळ्यांच्या मागे आडवी पांढरी रेघ दिसली. हाड नाही — प्लास्टर आणि डिंक. रेघेच्या अलीकडे एक पोत, पलीकडे दुसरा. दोन जनावरं!

"काय म्हणतो पेशंट?" काका दारातून.

"बघावं लागेल," मी म्हटलं. खोटं. सगळं दिसलं होतं.

२० मार्च
पुढचा भाग: सुळेवालं मांजर, शास्त्राला केव्हाचंच ठाऊक असलेलं. मागचा: तरस. काका खणायचे त्या खड्ड्यांत मांसाहारी काही निघालं तर बहुतेक तरसच. लिहिलं, फाइल बंद केली. त्यात डोकं घालण्याइतकी ताकदच नव्हती. डोक्यात काका.

२१ मार्च
सांगायला हवं. सांगितलं नाही.

२५ मार्च
दालनावरच्या दगडी पाटीचा कारागीर घेऊन काका थेट लान्चौला! जनावराच्या शास्त्रीय नावासाठी काकूंचं नाव लॅटिनमध्ये कसं होतं, म्हणून विचारत होते. मी त्यांना शेवया खायला नेलं आणि स्वतः दोन वाडगे संपवले, म्हणजे तोंडाला दुसरं काम नको. भित्री आहे मी. पाटी कोरायला घेऊ नका एवढंही म्हणवलं नाही.

२९ मार्च
सांगितलं.

"काका, ही दोन डोकी आहेत. पुढचं मांजराचं, मागचं तरसाचं. जोडलंय."

ते बराच वेळ वाटीवर झाकण ठेवत राहिले, काढत राहिले. "ही तुझ्या काकूची करणी," म्हणाले. हसायला गेले, जमलं नाही. "तिच्या वडिलांचा पाय खाणीत गेला होता. लाकडाचा पाय घालून पुरलं त्यांना. अर्ध्यानं पाठवायचं नाही कुणाला, असं तिचं. अर्धं डोकं फळीवर बघवलं नसेल. शेजारच्या खड्ड्यातलं आणून बसवलं, मला बोलली नाही."

मग: "मागचं काही कामाचं?"

"नाही. तसली तरसं तुमच्याच फळीवर पडलीत."

"म्हणजे तिचं नाव नाही."

"नाही, काका."

रडले ती मी. त्यांनी मलाच चहा ओतला.

३ एप्रिल
काकांनी पेटी पाठवली. कापसात पुढचा भाग — गरम पाण्यानं सांधा इतका सफाईनं सोडवलेला की ओरखडा नाही. फोनवर म्हणाले, "दालनात हे ठेव, खरं नाव लावून. मागचं तिनं आणलेलं, तिच्यापाशीच राहू दे. उद्या चिंगमिंगच्या सणाला तिचं थडगं झाडायला जाईन तेव्हा पुरतो."

चला, सुटले.

६ एप्रिल
अहवालात भर म्हणून स्कॅनमधला मागच्या भागाचा कान उघडला. कानाच्या हाडात आत हाडाचाच पडदा असतो, त्यावरून जनावर ठरतं. हा तरसाचा नाही. मांजराचा नाही, अस्वलाचाही नाही. दिवसभर ताडून पाहिलं, फोनवर दोघा तज्ज्ञांना दाखवलं. हे जनावर अजून कुणी पाहिलेलंच नाही.

काकूंचं नाव लागणार. आता काकांना फोन करायचा — तेवढं सांगायचं, आणि काकूंचं थडगं उघडू द्या म्हणायचं.