आत्याच्या गिरणीतला बँड

प्रिय आत्या,

तुझ्याशी मी कायम ओरडूनच बोललो. भाताच्या गिरणीत दुसरं काय करणार? पट्टा फिरतोय, भात सडायचा हलर घरघरतोय, तूस उडतंय. त्यामुळे आपलं बोलणं चार शब्दांच्या पुढे कधी गेलंच नाही. गोणी आण, मोटर बंद कर, जेवलास का, एवढंच. परवा नव्या हंगामाचं पहिलं भात आलं आणि मी सवयीनं तुझ्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडलो, "आत्या, चालू करू का?" तिथे नुसतं स्टूल होतं. गिऱ्हाईक बिचारं खाली बघायला लागलं. तेव्हा ठरवलं की आता लिहूनच बोलायचं. पत्रात ओरडावं लागत नाही.

आठवतं का गं, माझा दोस्त मिलिंद पहिल्यांदा ड्रम घेऊन आला तो दिवस? ड्रम कसले, बंद पडलेल्या एका लग्नाच्या बँडचा मोठा ढोल, रसायनीच्या भंगारवाल्याकडून आणलेली दोन पिंपं आणि एक चेपलेली झांज. तू विचारलंस, "ह्यात काय भरायचं?" मिलिंद म्हणाला, "काय नाय आत्या, बडवायचं." तू त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मंग बडव. पण मोटर चालू असंल तवाच. मोटर बंद, तुमी बंद. गावात माणसं राहतात."

तो आपल्या बँडचा एकमेव नियम होता आणि तो तू केलास. कर्जतमध्ये कुणी जागा देईना. खालापूरच्या आमच्या घरी बाबांनी गिटार माळ्यावर टाकली होती. मग मी मॅट्रिकनंतर तुझ्याकडे कामाला आलो तो गिटार घेऊनच. तिसरा सतीश, रसायनीच्या कॉलनीतला साहेबाचा मुलगा. तो मुंबईच्या मावसभावाकडून कॅसेटी भरून आणायचा, त्यातल्या विलायती बँडसारखं आपण वाजवायचं असा त्याचा हट्ट होता. तो गायचा. म्हणजे गाणं कमी, डरकाळी जास्त.

तू एकदा मला बाजूला घेऊन विचारलंस, "त्या पोराला कुठं दुखतंय का रं?"

मी म्हणालो, "आत्या, इंग्रजी हाय ते."

"असंल. पर डॉक्टरला दाखवा एकदा."

पंच्याऐंशी साल होतं. आजूबाजूला ऑर्केस्ट्रा होते, ते सिनेमाची गाणी वाजवायचे आणि त्यांना गणपतीत मागणी असायची. आम्हाला कुणी बोलवत नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारायला जात नव्हतो. स्वतःची गाणी स्वतः करायची, हा माज होता आमचा. बँडचं नाव 'लोखंड'. कर्जतच्या पेंटरकडून ढोलावर रंगवून आणलं, तर दुसऱ्याच दिवशी कशेळ्याच्या बाजूचा एक म्हातारा बिजागऱ्या मागायला आला. तू त्याला शांतपणे सांगितलंस की दुकान अजून उघडायचंय. आम्ही पोट धरून हसलो, पण तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मुद्दाम केलंस ना?

मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसायचं आणि माझी गिटार म्हशीसारखी हंबरायची. मग पट्ट्याला वेग यायचा. पट्ट्याचा सांधा चाकावरून गेला की टप्प असा आवाज येई, दर फेऱ्याला एक. मिलिंदनं तो टप्पच ताल म्हणून धरला. आम्ही तिघंही त्याच्यावर वाजवायचो. आपण त्याच्यावर वाजवतोय हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं.

आणि गोण्या घेऊन नंबराला बसलेली माणसं? आत्या, जगात कुठल्या बँडला असे श्रोते मिळाले असतील? उठून जाता येत नाही, कारण भात आत हलरमध्ये पडलंय. बायका कानावर पदर घ्यायच्या. एक आजोबा मात्र प्रत्येक गाण्यानंतर विचारायचे, "संपलं?" हो म्हटलं की टाळ्या वाजवायचे. टाळ्या कशासाठी ते आम्ही कधी विचारलं नाही.

मग ती कण्यांची भानगड निघाली.

कुणी उठवलं देव जाणे. पण त्या वर्षी दिवाळीनंतर गावोगाव बोलणं सुरू झालं की पोरांच्या दणदणाटानं गिरणी हादरते, म्हणून तांदूळ तुटतो. आत्याच्या गिरणीत अख्खं भात टाका आणि कण्या घेऊन घरी या. त्याच सुमारास पलीकडच्या गावात नवी गिरणी निघाली होती. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. पूर्वी ज्या दारात बैलगाड्यांची रांग लागायची तिथे दोन-तीन गाड्या दिसायला लागल्या. नामदेवदादा, तुझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आतोबांच्या वेळेपासूनचं. तेसुद्धा दारात उभे राहून म्हणाले, "वयनी, पोरांचं थांबवा, नायतर मला बी जावं लागंल."

आतोबा गेल्यावर ही गिरणी तू एकटीनं चालवलीस. तिच्यावर तुझा वसंतदादा शिकला, ठाण्याला नोकरीला लागला. ती आमच्या पायी बंद पडणार? आम्ही तिघांनी आपसांत ठरवलं आणि तुला न सांगता सामान हलवलं. सतीशनं कॉलनीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रमच ठेवला. खुर्च्या, पडदा, साहेबलोक, सगळं होतं.

तिथे काय झालं ते तुला आम्ही नीट कधी सांगितलं नाही. मिलिंदनं काठ्या आपटून सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात तो एका गावाला, मी दुसऱ्या आणि सतीश तिसऱ्या. कुणालाच कळेना ठोका कुठे पाडायचा. पट्टाच नव्हता ना! दुसऱ्या गाण्याच्या मध्येच आम्ही थांबलो. कॉलनीतल्या एक बाई उठून म्हणाल्या की छान प्रयत्न आहे. आत्या, याच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

सामान टेंपोत टाकून परत आलो तेव्हा तू दारातच भात पाखडत बसली होतीस. कुठे गेलो होतो ते विचारलं नाहीस. म्हणालीस, "रविवारी या. नामदेवला बी बोलावलंय."

रविवारी आपलं अर्धं कडाव गाव गोळा झालं होतं. तू नामदेवदादांच्याच दोन गोण्या मागून घेतल्या होत्यास, एकाच शेतातल्या, एकाच खळ्यातल्या. पहिली गोणी नुसती भरडलीस. आम्ही हाताची घडी घालून उभे. मग तू आमच्याकडे बोट केलंस आणि दुसरी ओतलीस. आम्ही वाजवलं. तेवढं चांगलं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं. सतीशची शीर फुटेल असं वाटत होतं. मग तू मोटर बंद केलीस, सगळ्यांसमोर तांदूळ चाळलास आणि कण्यांचे दोन ढीग गोणपाटावर शेजारी शेजारी ओतलेस.

दुसरा मोठा होता. आंधळ्यालाही दिसेल इतका मोठा.

 नामदेवदादांनासुद्धा वाईट वाटलं असावं, ते ढिगाकडे बघेनात. मिलिंदनं झांज उतरवली. मी वायर गुंडाळायला घेतली.

"तारा कशाला काढतो रं?" तू म्हणालीस. मग लोकांकडे वळलीस. "नामदेवचं खरं हाय. कणी जास्त पडती. ज्याला अख्खा तांदूळ पायजेल त्यानं त्या नव्या गिरणीत जावा, माजा राग नाय. आमी ल्हानपणी कण्यांच्याच पेजेवर वाढलो, मेलो नाय. हितं कणी पडणार आन हितं पोरं वाजवणार."

पुढे स्वतः हलर चालवायला लागल्यावर मला कळलं की हलर तापला की तांदूळ जास्त तुटतो. दुसरी गोणी तापलेल्या हलरमध्ये पडली होती. आत्या, तुला हे ठाऊक नव्हतं? तू तर उभी हयात त्याच्याशेजारी काढलीस. मग आधी आमची गोणी का नाही घेतलीस? मशीन गार होऊ द्या एवढं तरी म्हणायचंस. इतका सोपा वाद तू हरलीस, याचा मला अजून राग येतो.

त्या हंगामात बरीच माणसं गेली. तू गडी सोडलास आणि गोण्या स्वतः ओतायला लागलीस. मिलिंद कारखान्यातली पाळी सुटली की रसायनीहून थेट यायचा आणि आधी गोण्या उचलायचा, मग ढोलाला हात लावायचा. हळूहळू काही लोक परतले. नामदेवदादा तर गेलेच नव्हते. ते म्हणायचे, आता सवय लागली.

पण त्याच रविवारी, सगळे गेल्यावर, मी तुला विचारलं होतं. मोटर बंद होती, तू तूस झाडत होतीस. मी म्हणालो, "आत्या, आमच्यासाठी गिरणी का घालवतेस?" तू उत्तर दिलं नाहीस. मी पुन्हा विचारलं. तू मान वर केलीस आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघितलंस. 

"परत बोल," तू म्हणालीस. मी परत बोललो, सावकाश.

"मला रेडिओ ऐकू येत नाय, दिल्या. देवळातलं भजन नाय, टाळ नाय, वसंताची पोर हाक मारती ती नाय. ह्या मोटरनं समदं नेलं. बोलणं तोंडाकडं बघून कळतं." मग छातीवर हात ठेवलास. "तुमी वाजवता तवा हितं येतं. मिलिंदचा ढोल पायातनं वर चढतो. तेवढंच गाणं रायलंय मला. ते बी बंद करू?"

 तू लगेच झाडू उचललास. "कुणाला सांगू नको. गिऱ्हाईक म्हणंल, म्हातारीला मोटर बिघडल्याली कळायची नाय."

मी सांगितलं नाही गं. मिलिंदला नाही, सतीशला नाही, तू गेलीस तेव्हाही नाही. एवढं मात्र केलं, त्यानंतर गिटारच्या आवाजाचं बटण कायम शेवटपर्यंत फिरवलं. मिलिंद म्हणायचा, कान फुटतील. मी म्हणायचो, फुटू देत. आणि तू स्टुलावर बसून डोळे मिटायचीस. लोकांना वाटायचं, म्हातारी वैतागली.

काल वसंतदादा येऊन गेला. तुझ्या वर्षश्राद्धाला भजनी मंडळ सांगितलंय म्हणाला, चांगले गळे आहेत, आईला भजनाची फार आवड होती. त्याचे डोळे भरले होते. मला त्याला काही सांगवेना. पण सांगणार आहे आत्या, श्राद्धाच्या आधी सांगणार आहे. आता तुझं गिऱ्हाईक तुटण्याची भीती नाही, आणि लेकाला कळायला हवं.

सकाळी भजन होऊ दे. ते त्याच्यासाठी. दुपारी आम्ही. सतीश पुण्याहून येतोय, मिलिंदनं रजा टाकली आहे. आमची सवय मोडली आहे, चुकणार नक्की. लोक येऊन सांगतील की आज तरी जरा हळू वाजवा, श्राद्धाचा दिवस आहे. मी शब्द देतो आत्या, हळू वाजवणार नाही.

तुझा,
दिल्या