देवाच्या वेळेची ओहोटी

शुक्रवार, ६ जून. सकाळी ६
निघाले. प्रार्थना झाली, सँडविचेस बांधून झाली. कालच्याच चहापत्तीवर पुन्हा पाणी ओतून थर्मास भरला. एकदाच वापरून चहापत्ती फेकणाऱ्यांची घरं चालतात कशी, देव जाणे.

उद्या चॅपेलची मंडळी समुद्रकाठाने चालत जाणार. अठरा वर्षं पुढारीपणाची काठी माझ्या हातात. यंदा पाद्रीबाबा म्हणाले, काठी मर्टलकडे देऊ या का, तुमचे गुडघे... पुढचं बोलू दिलं नाही. सगळ्यांदेखत सांगितलं : आज एकटी अख्खी वाट चालेन, समुद्राला मिळते तिथे ओहोटीत नदी पायी ओलांडेन, पलीकडे तंबूत राहीन. उद्या तुम्ही याल तेव्हा पलीकडच्या काठावर चहा उकळत असेल. नसला तर काठी मर्टलची.

सिरिल दारातून म्हणाला, विनी, पुलावरून जा ना. पूल नऊ मैल आत. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेला एकही सल्ला मी वाया जाऊ दिलेला नाही, सगळे जपून ठेवलेत. म्हटलं, पूल मोटारींसाठी असतात.

८.३०
चढ. गुडघे उत्तम. डावा बोलतोय, पण तो घरीही बोलतो. फिरत्या फाटकात पाठीवरच्या तंबूसकट अडकले. दोन मुलींनी ओढून काढलं. मी मदत मागितली नव्हती, त्यामुळे ती धरायची नाही.

१०.१५
कड्यावर बसून सँडविच. मर्टलचं कालचं बोलणं अजून डोक्यात. म्हणे, ओहोटीच्या पुस्तिकेत उन्हाळ्याची वेळ धरलेली नसते गं, एक तास मिळव. मला शिकवते! शाळेची शेवटची परीक्षा मी पास झाले, ही गणितात गेली. सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे ढकलली, म्हणून समुद्र सरकारचं ऐकतो की काय? समुद्र देवाच्या वेळेने चालतो. पुस्तिकेत एक, म्हणजे एकच.

दुपारी १
नदी. माझ्या घड्याळात बरोबर एक. आठ-दहा पावलं आत गेले, पाणी कमरेला. म्हणजे ही सगळ्यात खालची पातळी! मर्टल म्हणाली होती गुडघ्याइतकं. खोटारडी. आता भरतीच लागणार. मागे फिरले. ही माघार नव्हे, मोजे वाळवायचे होते.

२.०५
पलीकडून लस्कॉम्ब नावाचा शेतकरी कुत्र्याला घेऊन चालत आला. पाणी त्याच्या गुडघ्याखाली. माणूस उंच असावा. कुत्राही उंच.
म्हणाला, बाई, आत्ता चला, सोडतो पलीकडे. ही वेळ गेली की उद्यापर्यंत बसाल इथेच. परक्या पुरुषाचा हात धरून, तेही भरतीत! नम्रपणे नाही म्हटलं आणि भरती-ओहोटी कशी असते ते त्यालाच समजावून सांगितलं. बिचारा मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, तंबू वरच्या कुंपणापाशी लावा, गायी तिकडे येत नाहीत.

५.३०
गायी आल्या. तंबूच्या चार काठ्यांपैकी एक घरी टोमॅटोच्या रोपाला बांधलेली आहे. गेल्या वर्षीची माझीच युक्ती. तीन काठ्यांवरही तंबू उभा राहतो, फक्त आत बसता येत नाही. झोपायच्या जागी बसायचं कशाला?

पलीकडचा काठ इथून छान दिसतो. उद्याची ओहोटी पुस्तिकेत १.५० ला. मंडळी त्यानंतर येणार, तोवर मी पलीकडे. रात्री कुठे होते हे कुणाला कळतंय? खोटं बोलणार नाही. विचारलंच तर स्तोत्र म्हणायला लागेन.

शनिवार, ७ जून. दुपारी १.५०
वेळेवर काठावर. पाणी कमरेला. पुस्तिका बरोबर आहे, मी बरोबर आहे. नदीच चुकतेय.

२.२०
टेकडीवरून स्तोत्र ऐकू येतंय. मर्टलचा आवाज, नेहमीसारखा एक पट्टी वर. स्टोव्ह पेटवला. ‘पलीकडे’ ठरलं होतं खरं, पण समोरच्या काठावरून पाहिलं तर मी पलीकडेच आहे.

संध्याकाळी ७, घरी
चहा सगळ्यांनी घेतला, त्यात कुणी खोट काढली नाही. पाद्रीबाबांनी विचारलं, विनिफ्रेडबाई, पलीकडचा मुक्काम कसा झाला? स्तोत्र सुरू केलं. कुणीच साथ दिली नाही, एकटीने चारही कडवी संपवली.

मर्टल घड्याळ बघत बसली होती. पावणेतीन वाजून गेल्यावर बूट काढले आणि पुढारीपणाची काठी टेकत सरळ पाण्यात शिरली. पुस्तिकेपेक्षा तब्बल तासभर उशिरा! योगायोग. थोडं पुढे जाऊन थांबली, काठीचं दुसरं टोक माझ्याकडे केलं. म्हणाली, धर गं विनी, तळ घसरडा आहे.

धरलं. तेव्हा नदी ओलांडताना काठी माझ्या हातात होती, हे इथे नोंदवून ठेवते.

सिरिल विचारत होता, पाणी कितीसं होतं? म्हटलं, बेताचं.

गुडघ्याच्या खाली. कालच्या नोंदीतली कुत्र्याची उंची खोडली.