शेवटचा कढ

२७ मार्च

स्वयंपाकघरातला कागद निघाला! भिंतीवरचा, निळ्या फुलांचा. कोपऱ्यातून सुटला तो खिडकीपर्यंत लोंबत आला, ओल्या टॉवेलसारखा. सगळी वाफेची करणी. आई खुर्चीत बसून मजा बघत होत्या.

"सांगितलं होतं, मेपलचा रस बाहेर कढव. घरात फक्त शेवटी पाक पुरा करायचा. पण बाईसाहेबांना थंडी वाजते ना!"

वाजत होती, खरंच. बाहेर वारा असा की चुलाणाचा सगळा धूर नाकातोंडात. म्हणून पातेली आत आणली, चारही शेगड्यांवर चढवली, आणि संध्याकाळपर्यंत भिंत सोलून निघाली. पाक मात्र सुरेख झालाय. बादल्यांच्या बादल्या रस आटवून हातात एवढीशी बरणी — पण रंग कसा, खिडकीत ठेवली तर आरपार दिसतं.

आज शाळेच्या स्वयंपाकघरात नवी आलेली बाई विचारत होती, "तुझ्याकडे राहतात त्या आर्डिसबाई तुझी आई की नवऱ्याची?" म्हटलं, त्याच्या होत्या. नवरा मला सोडून गेला, त्या राहिल्या. आता माझ्या. ती बघतच राहिली. बघू दे.

२९ मार्च

रात्री गोठलंच नाही. झाडांना टांगलेल्या बादल्या कोरड्या; रात्री गोठून दिवसा ऊन पडलं तरच रस गळतो. आई माझ्यावर चिडल्यात, जशी काही थंडी मीच अडवून धरलीय.

१ एप्रिल

गोठलं! सकाळी दार उघडलं तर पायऱ्यांवर बर्फाची काच. दहाच्या सुमाराला ऊन आलं आणि सगळी झाडं एकदम बोलायला लागली — टप टप टप, प्रत्येक बादलीचा आवाज वेगळा. शाळेला सुट्टी आहे म्हणून बरं.

वेंडेल पलीकडच्या शेतावरून ट्रॅक्टर घेऊन आला, लाकडाच्या गिरणीतली फळकुटं टाकायला. "कॉरिन, यंदाचं आटोपतंय हं. आमच्या झाडांच्या कळ्या फुगल्यासुद्धा."

"तुझ्या झाडांना तुझ्यासारखीच घाई," आई म्हणाल्या. "आमची थांबतील."

"तुमच्या भीतीनं थांबतील, आर्डिसमावशी!"

दुपारभर कढवलं. सिमेंटच्या विटा रचून केलेलं आमचं चुलाण यंदा एका बाजूला कललंय, पण पसरट कढई बसते अजून. एकदा फेस असा वर आला की आता सगळं आगीत जातं म्हणून मी ओरडले. आईंनी शांतपणे वाटाण्याएवढं लोणी टाकलं. बसला खाली! मग त्या झाऱ्यानं मळी काढत बसल्या, सासऱ्यांचा जुना लोकरी कोट घालून, चेहऱ्यावर वाफ. मी फळकुटं सारत होते. मनात आलं, एवढं पुरे आहे. याहून जास्त मला काही नकोच होतं.

संध्याकाळी ड्वाइटचा फोन. आईंचा मुलगा, माझा एके काळचा नवरा. साऊथ कॅरोलायनाहून. नाताळाला करतो तेवढाच, आणि आता हा.

"आईला न्यायला येतोय. शुक्रवारी."

"कशासाठी?"

"माझ्याकडे राहायला. कायमची."

"त्यांना विचारलंस?"

"तिला दे फोन."

आई फोन घेऊन कोठीघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार कधी लागत नाही. बाहेर आल्या त्या एवढंच म्हणाल्या, "मळी काढलीस का?"

२ एप्रिल

त्या जाणार आहेत. सकाळी चहा ढवळता ढवळता सांगितलं. मी म्हटलं, का? "मुलगा आहे माझा." मी तर कोणीच नाही. कागदावर तर आता सूनसुद्धा नाही!

भांडी घासताना रडले. नळ मोठा सोडला होता.

ड्वाइट त्या बाईबरोबर निघून गेला त्या आठवड्यात आईंची धाकटी बहीण गाडी घेऊन आली होती, त्यांना न्यायला. बॅगही भरली होती. आई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "त्यानं सोडलं ते हिला. मी काय कुणाला सोडलेलं नाही." आणि बॅग उचलून परत आत. मी तेव्हा जिन्यात बसले होते. त्या माझ्या अंगावरून वर गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "ऊठ. बटाटे कोण सोलणार?"

नंतर मला न्यूमोनिया झाला त्या हिवाळ्यात चमच्यानं सूप भरवलं. खुर्चीतच झोपायच्या, बूटसुद्धा न काढता. माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. आईचा हात कपाळावर कसा लागतो ते मला चाळिशीत कळलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, पुरे झालं.

४ एप्रिल

गोठ्याच्या मागे, सावलीत, अजून थोडा स्वच्छ बर्फ होता. आई म्हणाल्या, "चल, यंदाचं शेवटचं करून घेऊ." पाक तारेवर आणला आणि बर्फावर धार सोडली. चिवट सोनेरी दोऱ्या झाल्या. काट्याला गुंडाळून खाल्ल्या, मग गोड मोडायला मुरवलेली आंबट काकडी, मग तळलेला डोनट, मग पुन्हा दोरी. आईंच्या कवळीला चिकटली! दोघी इतक्या हसलो की वेंडेलचा कुत्रा कुंपणापाशी येऊन भुंकायला लागला.

मग मी मूर्खासारखी म्हणाले, "कॅरोलायनात बर्फ कुठला असणार."

त्या म्हणाल्या, "काकडी दे."

५ एप्रिल

आला. दुपारी. रस्त्यात चिखल इतका की गाडी वेंडेलच्या फाटकापाशीच सोडावी लागली, आणि तेवढं अंतर चालून यायला त्याला केवढा वेळ लागला! दोनदा कुंपणाला धरून थांबला. मला वाटलं, प्यायलाय.

जवळ आला तेव्हा बघितलं. कोट त्याचाच, पण आत माणूस दुसराच. गालांची हाडं. रंग पिवळट.

"कशी आहेस, कॉरिन?"

"बरी."

आईंनी त्याला मिठी मारली नाही. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि नुसतं बघितलं, एखादं भांडं कुठं चिरलंय का बघावं तसं. म्हणाल्या, "आत चल. बूट पुसून."

जेवताना त्यानं दोन घास खाल्ले. माझ्या हातच्या शेंगांच्या भाजीला त्यानं कधी नको म्हटलं नव्हतं.

६ एप्रिल

कळलं. आज चुलाणापाशी.

मी तोंड फुगवूनच काम करत होते. आई म्हणाल्या, "इकडे बघ. तो मला सांभाळायला नेत नाहीये. मी जातेय त्याला सांभाळायला."

पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. उन्हाळा काढेल कदाचित.

"आणि ती बाई?"

"आजार कळला आणि गेली."

"आई, तुम्हाला इथला जिना चढताना धाप लागते!"

"तिथं जिना नाही."

"गंमत करू नका! त्याला उचलायचं, धुवायचं, रात्री उठायचं — तुम्ही ब्याऐंशीच्या!"

"मग कोण करणार? तू सांग. कोण?"

मी संतापले. त्याच्यावर, त्या बाईवर, आईंवरसुद्धा. फोनवर मला का नाही सांगितलं त्यानं? आई म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं सांगणार होता तुला?" आणि मी रागारागात फळकुटं सारत राहिले, कढईची कड करपली. जळका वास अजून केसात आहे. त्या रागावल्या नाहीत. पहिल्यांदाच.

८ एप्रिल

दलदलीतले बेडूक ओरडायला लागले. म्हणजे रसाचा हंगाम संपला. रस पिवळसर उतरतोय, वासही बदललाय, पालवीसारखा हिरवट. तरी होता तेवढा कढवला. टाकून द्यायचा जीव होईना.

ड्वाइट बाहेर येऊन ओंडक्यावर बसला, घोंगडी गुंडाळून. मग म्हणाला, "कॉरिन, मला नीट बोलता येत नाही, पण —"

"नको बोलूस. लाकूड टाक."

त्यानं फळकूट उचललं. निम्म्यावर आलं आणि हात थरथरायला लागले. हा माणूस एकेकाळी दोन्ही खांद्यांवर भरलेल्या बादल्यांची कावड घेऊन गुडघाभर बर्फातून चालायचा! मी ते त्याच्या हातातून घेतलं. त्यानं सोडलं. कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

थोड्या वेळानं पळीभर पाक निववून त्याला दिला.

"काळा झालाय."

"शेवटचा आहे."

त्यानं चाटून पळी साफ केली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी संपवलं. "मला हाच आवडायचा," म्हणाला.

"माहीत आहे."

फार काही वाटलं नाही मला. प्रेम तर नाहीच. पण रागही शोधावा लागला, आणि हाताला लागेना.

९ एप्रिल

झाडांच्या तोट्या काढल्या. बादल्या गरम पाण्यानं धुऊन गोठ्यात उपड्या घातल्या. दर वर्षी हे काम झालं की आई प्रत्येक झाडावर थाप मारतात, गायीच्या पाठीवर मारावी तशी. आज फार हळू चालल्या. एकेका झाडापाशी उभ्या राहिल्या. मी मागून चालत होते, बादल्या वाजू नयेत म्हणून अंगाशी धरून.

वेंडेल आला होता. ड्वाइटशी बोलला, हवामानाबद्दल! दुसरं काय बोलणार. जाताना मला म्हणाला, "सकाळी निघतायत म्हणे. मी गाडी चिखलातून ओढून देतो." मग टोपी काढून पुन्हा घातली. "तुला एकटीला मोठं पडेल ना गं हे घर."

पडेल.

दुपारी आईंची बॅग भरायला घेतली. मोजे, लोकरी झगे, गुडघ्याचं मलम. दोन बरण्या टॉवेलात गुंडाळल्या. आणि एकदम बसलेच पलंगावर. मला आई मिळाली ती कुणामुळे? त्याच्यामुळे. त्यानं मला पुष्कळ दुःख दिलं, खोटं कशाला बोलू. पण जाताना त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं जे होतं ते तो इथंच ठेवून गेला, आणि इतकी वर्षं मी त्यावर जगले. ही एवढी साधी गोष्ट मला आज कळावी!

आई दारात उभ्या होत्या. "मलम वर ठेव," म्हणाल्या. "प्रवासात लागेल."

मी मलम वर ठेवलं.

१० एप्रिल

वेंडेलच्या फाटकापाशी गेलो. त्यानं गाडीला ट्रॅक्टरचा दोर बांधला होता. आई पुढे बसल्या, ड्वाइट स्टीअरिंगवर. चावी फिरवण्याआधीच त्याचा श्वास लागला होता.

मी त्याचं दार उघडलं. म्हटलं, "उतर. दोघंही उतरा. सूप करून ठेवलंय बटाट्यांचं."

"कॉरिन, तू हे —" आई म्हणाल्या.

"मी काय कुणाला सोडलेलं नाही."

त्या मग कितीतरी वेळ गाडीतच बसून होत्या, हातमोज्यात तोंड खुपसून. वेंडेलनं न विचारता दोर सोडला.

ड्वाइट खाली माझ्या खोलीत झोपलाय, तिथं जिना नको. मी वर, आईंच्या शेजारी. घोरतात भयंकर. घोरू देत.