काळ्या रेशमी जाकिटातला फोटो

मी, हौ युनशान, वय एकाहत्तर, धंदा छायाचित्रकाराचा, राहणार शिथौगौ, प्रांत शानशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

डोंगरात कोरलेले माझे घर माझी मुलगी सुयुन हिला मिळावे. ती दूर दक्षिणेला क्वांगचौला दुकान चालवते. अंत्ययात्रेत पुढे मेलेल्याचा फोटो धरायचा तो मुलाने, नाहीतर पुतण्याने, आणि जो फोटो धरील त्याचेच घर, असे माझा पुतण्या जिनपाओ सांगत फिरतो. फोटो सुयुननेच धरावा. जिनपाओला माझा ट्रायपॉड द्यावा. त्याचाही एक पाय भरवशाचा नाही.

खाणकामगारांच्या सर्व निगेटिव्ह शहरातल्या संग्रहालयाला द्याव्यात. "चेहरे फार उदास" म्हणून एका संपादकाने त्या परत केल्या होत्या. खाणीतून वर आलेला माणूस हसत कशाला बसेल? फोटोखाली प्रत्येकाचे नाव मात्र लिहावे.

काळे रेशमी जाकीट कोणाला देऊ नये. खाणीखाणीतून हिंडताना म्हातारी माणसे मला अडवायची, मेल्यावर भिंतीवर लावायला एक फोटो काढून दे म्हणायची. अंगावर धड कपडा नसायचा, म्हणून हे जाकीट मी पिशवीत बाळगू लागलो. पुढे मुले शहरात गेली, घरांना कुलपे लागली. आता या गावातल्या प्रत्येक बंद घरात माझे जाकीट घातलेले कोणीतरी भिंतीवर आहे. मी खिडक्यांतून त्यांची विचारपूस करतो. फार एकटे वाटते, हे लिहायला हरकत नाही.

माझा स्वतःचा असा फोटो नाही. शेजारच्या मियाओमावशी म्हणाल्या, "मी काढते की. बटणच तर दाबायचं."

मी म्हटले, "नको, सुयुन काढील."

"तिला सांगितलंस?"

"फोन केला होता. तिकडची हवा विचारली नि ठेवला."

"मग लिही बाबा. बोलताना तुझी दातखीळ बसते."

म्हणून लिहितो. कॅमेरा सुयुनला द्यावा. आत रोल आहे, त्यात एक फोटो शिल्लक ठेवला आहे. जाकीट धुऊन खुंटीवर टांगले आहे. बाकीची कलमे माझ्यामागे पाळावीत. हे एक मात्र मी जिवंत असताना पाळले जावे.

शिथौगौ, ९ नोव्हेंबर २०१८
सही: हौ युनशान

साक्षीदार:
मियाओ ग्वेइलान, शेजारीण (अंगठा)
दुआन चांगहे, पोस्टमन (सही केली, सुयुनच्या नावाची प्रत सोबत नेली)