रानडुकरांची बाटली आणि मी

५ सप्टेंबर
हिंजवडीच्या एका लॅबने मला एथिक्स कमिटीवर घेतलं. बाहेरचा सदस्य म्हणून. संशोधनाचा कुणी गैरवापर करणार नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. मारुंजीतल्या आमच्या सोसायटीचा मी माजी चेअरमन; माणसं ओळखण्यात माझा हात कोण धरणार? संकल्प: कमी बोलायचं.

१२ सप्टेंबर
पहिली मीटिंग. नम्रता नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एक वास तयार केलाय, बाटलीत भरलेला. जंगलाच्या कडेला शिंपडला की रानडुकरं भात सोडून तिकडे जातात. मी एकदम विचारलं, आणि शेजाऱ्याच्या शेतात टाकला तर? ती म्हणाली, तेच पान दोनवर लिहिलंय, आणि हे बाहेर गेलं तर माझी ट्रायल बंद पडेल. पान दोन मी घरी वाचायला ठेवलं होतं.

१३ सप्टेंबर
कुणालाही सांगितलं नाही. सुलक्षणाला सांगितलं, पण बायको म्हणजे कुणीही नव्हे. वॉचमनला फक्त वरवर.

२० सप्टेंबर
ट्रायल रिहे गावात. मी ठणकावलं, बाटली कुलपात हवी आणि किल्ली कमिटीच्या माणसाकडे. तिथे माझं फार्महाऊस आहेच. नम्रता 'बरं' म्हणाली. चेहरा जरा पडला होता, थकली असावी.

२१ सप्टेंबर
मारुंजीहून रोज कोण जाणार? किल्ली गेणबाला दिली. फार्महाऊसशेजारचा शेतकरी, तिथलं आमचं भातही तोच बघतो. धोका नीट समजावला: दुसऱ्याच्या बांधावर चमचाभर पडलं की त्याचं पीक गेलं. "असं व्हय," म्हणाला, आणि चमचा चहाचा का डावाएवढा तेही विचारलं. इतकी जबाबदार माणसं आता राहिली नाहीत.

२ ऑक्टोबर
आमची इंद्रायणी लोंबीवर आली. घरचा पहिला तांदूळ. सुलक्षणाने अख्ख्या विंगला कबूल करून टाकलाय.

९ ऑक्टोबर, सकाळ
गेणबाचा फोन. रात्री डुकरं येऊन गेली. मी विचारलं, तुझं भात? "आमचं लई झ्याक हाय. तुमचं काय न्हाई ऱ्हायलं."

१० ऑक्टोबर
बाटली अर्धी. चौकशी मीच हातात घेतली. संशय लॅबवर.

११ ऑक्टोबर
गेणबाने काही लपवलं नाही. म्हणाला, "तुमीच तर सांगितलं न्हवं का, दुसऱ्याच्या बांधावर टाकलं की काय हुतं ते. गेल्या साली डुकरांनी माझं समदं खाल्लं. तुमी काय, दुकानातनं आणून खाल." चौकशी संपली.

१८ ऑक्टोबर
नम्रताची ट्रायल थांबवली. वर्ष गेलं तिचं. तिने किल्ली परत घेतली आणि मला पावती दिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पान दोनवर धोक्यांच्या रकान्यात आता नवी ओळ आहे: बाहेरचा सदस्य. यावेळी पान दोन वाचलं.

२० नोव्हेंबर
सुलक्षणाने गेणबाकडून तांदूळ विकत आणला आणि विंगमध्ये घरचा म्हणून वाटला. सगळे खूश. विचारत होते, डुकरांपासून वाचवला कसा? मी म्हणालो, ते गोपनीय आहे.
मग वरवर थोडंसं सांगितलं.