दुसऱ्या कंपनीचं तिकीट

कामरगाव, ता. कारंजा
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय संघदीपदादास,
साक्षीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तू फोन उचलून नाही राह्यला, म्हणून आत्याच्या लोणच्याच्या बरणीसोबत ही चिठ्ठी टाकली. चार दिवस सुटीवर घरी आली आहे. बाबानं सोयाबीन काढलं, तूर फुलावर आली. गल्लीतल्या साऱ्या बाया विचारतात, तुही आत्या पुण्याहून डोळ्यातल्या इंजेक्शनची सुई घेऊन कधी येते म्हणून.

दादा, शनिवारी मी नागपूरले विमानतळाच्या दारात नेहमीसारखी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. आमच्या कंपनीच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. तीन वर्षांत महिन्याचा पहिला शनिवार तू कधी चुकवला नाही, म्हणून आत्याची पहिल्या रांगेतली जागा मी शेवटपर्यंत अडवून ठेवली. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. सुई हुकली काय? आत्या बरी आहे ना?

पलीकडच्या दारातून तुह्यासारखाच एक जण जाताना दिसला. पण त्याच्यासंगची बाई गुडघा धरून चालत होती, म्हणजे तो तू नाही. तू काई आत्याले चालवणार नाही.

पुणेकर झाला तरी दोन ओळी लिहीजो. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुही,
साक्षी


पुणे
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय साक्षीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बरणी पोचली. मायनं झाकण उघडून वास घेतला अन् तुझंच नाव काढलं. मी तिथून उठून गेलो.

तो मीच होतो. तू हाक मारली होतीस, हे तू चिठ्ठीत लिहिलं नाहीस. मी मात्र ती ऐकली होती.

सप्टेंबरात तुमचं विमान पाच तास उशिरा निघालं, ऑक्टोबरात रद्दच झालं. सुईची तारीख गेली. अशानं उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी सुनावलं. तू काउंटरवर आमच्यासाठी किती भांडलीस, मी पाहिलं आहे. शेवटी तुमच्या कंपनीचं ते सोनेरी कार्ड, साठलेले पॉइंट, सारं सोडलं अन् दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं. त्यात चुकलो असं अजूनही वाटत नाही. पण तुझे साहेब मला साक्षीचं पक्कं गिऱ्हाईक म्हणून ओळखतात. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

खुर्ची नव्या कंपनीकडेही मिळते, फुकट मिळते, मला माहीत होतं. पण ती ढकलणारा फुलचंद दोन्हीकडे काम करतो. तो तुला सांगेल म्हणून मागितली नाही. मायला म्हटलं, साक्षी सुटीवर आहे. मायला धड दिसत नाही, ह्याच भरवशावर म्हटलं. ती म्हणाली, चालते ना बाप्पा, असं किती दूर आहे. दोनदा खांबाला टेकून थांबली. मागून तुझी हाक आली तेव्हा मी तिला सांगितलं, कोणीतरी दुसऱ्याच आत्याला बोलावून राह्यलं. ती हाव म्हणाली.

साक्षी, मला माझीच किळस येते. तेव्हापासून तिच्यासमोर बसून घास उतरत नाही. ताट घेऊन लॅपटॉपपुढे बसतो, काम आहे म्हणतो.

२२ तारखेला तिला परत नागपूरला आणतो आहे, त्याच नव्या कंपनीच्या विमानानं. तू दारात नसलीस तरी तुझं काही चुकणार नाही.

लोभ मागायला जीभ रेटत नाही. तरी राहू दे.
तुझा,
संघदीप


नागपूर
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,
जय भीम. वि. वि.

तुही चिठ्ठी दोनदा फाडाले घेतली अन् दोनदा सरळ करून ठेवली.

कंपनी बदलली याचा मले कायचा राग? आमचे रोजचे अर्धे गिऱ्हाईक तिकडं गेले, तुह्या जागी मी असती तं मीबी गेली असती. आत्याच्या डोळ्यापुढं माही कंपनी काय चाटाची आहे? पण तू आत्याले चालवलं. थे मले पचून नाही राह्यलं. अन् साहेबापुढं तुह्यं नाव मीच मिरवत होती, त्याच्यापायी तू तोंड लपवलं. म्हणून माह्याबी मनाले शरम आहे.

बावीसले खुर्ची मागजो. फुलचंदले सांगून ठेवलं, तो विमानापाशी येईन. मी बाहेर दारात राहीन. विमान कोणाचंबी असो.

आता एक गोष्ट, जी मुद्दाम लिहिली नव्हती. मी हाक मारली तवा तू मागं नाही पाह्यलं. आत्यानं पाह्यलं. तिची नजर गेली, कान नाही गेले. तिनं ओठावर बोट ठेवलं, नको म्हणून मान हलवली, अन् गुडघा धरून तुह्या मागं चालू लागली.

तिनं तुले अजून सांगितलं नसन, तं तूबी विचारू नको. फक्त ताट घेऊन तिच्यासमोर बसत जा.

आत्याले जय भीम. लोभ होता तसाच आहे.
तुही,
साक्षी